२२ लाखाची वाटणी झाली, पण किराणा कुठंय?

या वेळचं पत्र आपल्या छत्रपती संभाजीनगरातल्या बजाजनगरहून आलंय. नाव टाकू नका म्हणालेत, नाही टाकत. पत्र लांबलचक होतं, कामापुरतं छाटून देतो.

«काका नमस्कार. मी मूळचा गेवराई तालुक्यातला. १९९८ च्या एप्रिलपासून वाळूज एमआयडीसीत एका कंपनीत टूल रूमला, म्हणजे साचे-डाय करायच्या खात्यात, फिटर आहे, पर्मनंट. येत्या जूनमधे ५५ पूर्ण होतील. आमच्याकडं रिटायरमेंट ५८ ला आहे. कंपनीनं पन्नाशीपुढच्यांसाठी व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्ती योजना काढलीय, ३१ जानेवारीपर्यंत फॉर्म भरायचा आणि २८ फेब्रुवारीला मोकळं करणार. मला २२ लाख बसतात म्हणालेत. त्यात ग्रॅच्युइटी २७ वर्षांची ४ लाख ५ हजार, सुट्ट्यांचे ९५ हजार, बाकी व्हीआरएसचे १७ लाख. पीएफ वेगळा, ११ लाखाच्या आसपास. पगार ५२ हजार, त्यात बेसिक-डीए २६ हजार, कटून हातात ४१ हजार येतात. घरखर्च २८ हजार आहे, घराचा साडेआठ हजाराचा हप्ता धरून. मी असं ठरवलंय की मुलीच्या लग्नाला ८ लाख, मुलाच्या टेम्पोला ६, घराचं कर्ज ४, गावाकडं बोअर आणि गोठा ३, देवदर्शन आणि किरकोळ १ लाख. एचआरवाले म्हणायलेत की नाही घेतली तर चाकणच्या प्लँटला बदली होऊ शकते. सोबतच्या ११ जणांनी फॉर्म भरले. मिसेस नको म्हणते, मुलगा घ्या म्हणतो. मला शुगर आहे, गुडघे पण दुखतात. काय करू?»

भाऊ, पत्र वाचलं आणि सगळ्यात आधी तुमची बेरीज करून बघितली. आठ, सहा, चार, तीन आणि एक, बरोब्बर बावीस. एक रुपया उरत नाही. लग्नाचे पैसे आलेत, टेम्पोचे आलेत, देवाचे सुद्धा आलेत, पण एक मार्चला सकाळी घरात दूध येईल त्याचे पैसे कुठंच लिहिलेले नाहीत. तुम्ही मला विचारायलात व्हीआरएस घेऊ का नको, आणि पैसे तर तुम्ही पत्रातच वाटून मोकळे झालात.

हसू नका, मी पण हेच केलं होतं म्हणून लगेच दिसलं.

मी चिकलठाण्याला एका कंपनीत टाइम ऑफिसला, म्हणजे हजेरीच्या खात्यात होतो. २००४ ला आमच्याकडं व्हीआरएस निघाली, फॉर्म वाटायचं आणि सह्या घ्यायचं काम माझ्याकडंच. लोकांना मी सांगायचो की नीट विचार करा, घरी विचारा, आणि शेवटच्या दिवशी गठ्ठ्यातला शेवटचा फॉर्म काढून मी माझाच भरला. ४८ चा होतो तेव्हा. चार लाख साठ हजार मिळाले, तेव्हा ते लई वाटले. मेव्हण्याच्या नादानं गुंठेवारीत दोन प्लॉट घेतले, बाँडपेपरवर, एनए म्हणजे बिगरशेती परवानगी नाही, काही नाही, सातबारा तिसऱ्याच्याच नावावर. पुढं काय झालं ते आपल्या शहरात कुणाला सांगायची गरज नाही. नऊ महिने घरी बसलो आणि मग एका ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनला बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या लिहायला लागलो, जुन्या पगाराच्या निम्म्यापेक्षा कमीवर.

पण मला पैशापेक्षा पहिला सोमवार जास्त आठवतो. बायकोनं सवयीनं पाच वाजता उठून डबा भरला, तीन पोळ्या, मेथी, बाजूला लोणचं, आणि भरून झाल्यावर दोघांच्याही लक्षात आलं. सहा दहाला कंपनीची बस कॉर्नरला हॉर्न वाजवून गेली, मी गॅलरीत उभा राहून बघत होतो, खिडकीतल्या पोरांनी हात केला. तो डबा मी घरातच साडेबाराला उघडून खाल्ला, ताटात काढून न घेता, डब्यातूनच. बायको काही बोलली नाही. तुमच्या मिसेस नको म्हणायल्यात ना, त्यांना कदाचित पैशाबरोबर हे पण दिसत असेल, तेव्हा "तिला काय कळतं" असं म्हणू नका.

असो. आता हिशोबाकडं येऊ, कारण तुमची केस माझ्यापेक्षा बरीच चांगली आहे, फक्त तारीख चुकलीय.

आधी तो बावीस लाखाचा आकडा फोडा. कंपन्यांची ही जुनी सवय आहे, सगळं एकत्र करून एक मोठा आकडा दाखवायचा. ग्रॅच्युइटी आणि सुट्ट्यांचे पैसे तुम्ही ५८ ला गेलात काय आणि उद्या राजीनामा दिलात काय, ते तुमचेच आहेत, त्यात कंपनीचा उपकार शून्य. राहिले १७ लाख. फेब्रुवारीअखेरपासून तुमच्या ५८ पर्यंत ४० महिने होतात, हातात येणारे ४१ हजार गुणिले ४० म्हणजे १६ लाख ४० हजार. म्हणजे कंपनी तुम्हाला उरलेला पगारच एका हाती देतेय, वर साठ हजार. शिवाय त्या ४० महिन्यांत कंपनीचा पीएफचा हिस्सा जमा झाला असता, तीन वर्षांची ग्रॅच्युइटी वाढली असती, एखादा करार होऊन पगार वाढला असता, ते सगळं गेलं. मग ही स्कीम वाईट आहे का, तर तसंही नाही. तुमचे ४० महिने मोकळे होतात आणि त्यात तुम्ही जे कमवाल ते वरचं. सगळा प्रश्न एवढाच की त्या ४० महिन्यांत तुम्हाला काम मिळतं का, आणि हे १७ लाख तोवर जागेवर राहतात का.

आणि एक चूक सापडलीय. ग्रॅच्युइटी २७ वर्षांची धरलीय त्यांनी. तुम्ही एप्रिल १९९८ ला लागलात, फेब्रुवारीअखेर २७ वर्षं ११ महिने होतात, आणि ग्रॅच्युइटीच्या कायद्यात सहा महिन्यांच्या वरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात. २६ हजार भागिले २६ गुणिले १५ म्हणजे वर्षाला १५ हजार, गुणिले २८, चार लाख वीस हजार. पंधरा हजाराचा फरक आहे. मुद्दाम केलं असेल असं मी म्हणत नाही, एक्सेलमधे कुणीतरी राउंड डाऊन केलं असेल, पण तुमच्यासोबतच्या ११ जणांचं पण बघा राव, त्यांनी तर सह्या करून दिल्यात.

आता तारखेची भानगड, आणि हे नीट वाचा, दोनदा वाचा.

व्हीआरएसच्या रकमेतले ५ लाख इन्कम टॅक्समधून माफ असतात, स्कीम आयकराच्या नियमात बसवलेली असेल तर. ही माफी आयुष्यात एकदाच मिळते. ग्रॅच्युइटी २० लाखापर्यंत माफ आहे, सुट्ट्यांचे पण तुमच्याएवढे पूर्ण माफ. म्हणजे १७ मधले १२ लाख पगार म्हणून टॅक्सला लागणार. हे १२ लाख तुम्ही फेब्रुवारीत घेतले की ते या वर्षीच्या ११ महिन्यांच्या पगारावर जाऊन बसतात, पावणेसहा लाख अधिक बारा, स्टँडर्ड डिडक्शन म्हणजे पगारदाराला सरसकट मिळणारी सूट, तिचे ७५ हजार वजा करून सतरा लाखाच्या जवळ, त्यावर नव्या करपद्धतीनं सुद्धा दीड लाखाला थोडासा कमी टॅक्स बसतो. तेच पैसे एप्रिलमधे घेतले, समजा ३० एप्रिलला मोकळे झालात, तर नव्या आर्थिक वर्षात तुमचा पगार एकाच महिन्याचा, ५२ हजार अधिक बारा लाख वजा ७५ हजार, पावणेबारा लाखाच्या आसपास. आणि बारा लाखापर्यंत आताच्या नियमानं टॅक्स शून्य आहे. व्याज वगैरे धरून थोडं वर गेलं तरी किरकोळ बसेल. म्हणजे फक्त दोन महिने तारीख पुढं ढकलली तर एक-सव्वा लाख वाचतात. २८ फेब्रुवारी तारीख त्यांनी त्यांच्या मार्चच्या हिशोबासाठी ठेवलीय, तुमच्यासाठी नाही.

दुसरं अजून महत्त्वाचं. पोस्टात आणि बँकेत सीनियर सिटिझनची बचत योजना असते, ८.२ टक्के, पाच वर्षांसाठी, दर तीन महिन्याला व्याज खात्यावर. सगळ्यांना वाटतं ती साठीनंतरचीच आहे. पण व्हीआरएस घेतलेल्याला ५५ पूर्ण झाल्यावर पण ती उघडता येते, अट एवढीच की रिटायरमेंटचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत भरायचे. आता बघा, फेब्रुवारीअखेर पैसे आले तर तीन महिने मे अखेर संपतात आणि तुमचे ५५ होतात जूनमधे. थोडक्यात गाडी चुकली, मग थेट साठीपर्यंत थांबा. एप्रिलअखेर पैसे आले तर जुलैअखेरपर्यंत वेळ आहे, वाढदिवस झाला की दुसऱ्या दिवशी पोस्टात जा. एका तारखेनं तुमच्या दोन्ही गोष्टी जमतात किंवा दोन्ही जातात.

म्हणून एचआरला लेखी द्या, साधा अर्ज, मी स्कीम घ्यायला तयार आहे पण मला मोकळं करायची आणि पैसे द्यायची तारीख ३० एप्रिल करावी. त्यांना पण माणसं कमी करायचीत, दोन महिन्यांसाठी बऱ्याचदा ऐकतात, विशेषतः चार-पाच जणांनी मिळून मागितलं तर. दोन महिन्यांचा पगार पण तुम्हाला मिळतोच, व्हीआरएसची रक्कम त्यामुळं थोडी कमी होते का ते मात्र विचारून घ्या.

आता वाटणीकडं येतो. इथं तुम्हाला माझा राग येईल.

घराच्या कर्जाचे ४ लाख, हे एकदम बरोबर. पगार थांबल्यावर साडेआठ हजाराचा हप्ता म्हणजे गळ्यात दगड. तो गेला की तुमचा खर्च २८ वरून साडेएकोणीस हजारावर येतो. या एका ओळीवर तुम्हाला पैकीच्या पैकी.

मुलाचा टेम्पो, नाही. तो २४ वर्षांचा आहे असं तुम्ही पुढं लिहिलंय, त्याला मुद्रा कर्ज मिळतं, मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात सबसिडी मिळते, जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन त्यानं स्वतः फाईल करावी. बँकेचा हप्ता मानेवर असला की पोरगं सकाळी सहाला उठून भाडं शोधतं, बापाच्या व्हीआरएसचा टेम्पो असला की दहाला उठतं. मी गोडाऊनला बिल्ट्या लिहीत होतो तेव्हा दोन्ही प्रकारची पोरं रोज बघितलीत. मार्जिनला, म्हणजे कर्जात आपल्या हिश्श्याला लागतील तेवढे पन्नास-साठ हजार द्या फार तर.

बोअर आणि गोठा, तुम्हीच सांगा, तुम्ही गेवराईचे आहात. २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं आणि सप्टेंबर २०२५ ला पार गोदाकाठची पिकं, जनावरं सगळं पाण्याखाली. आपल्याकडं पाणी एक तर येत नाही नाहीतर एकदम येतं. गावाकडं जावंसं वाटणं मी समजू शकतो, २७ वर्षं दहा बाय दहाच्या टूल रूममधे घालवल्यावर माणसाला बांधावर बसावंसं वाटणारच. पण तीन लाख जमिनीत घालून बघायची ही वेळ नाही. एक पावसाळा नुसते जाऊन राहा आधी, भावाच्या गोठ्यात शेण काढा, गुडघे काय म्हणतात ते कळेल.

मुलीचं लग्न. इथं मी जास्त बोलत नाही, आपल्याकडं त्या आकड्यावर बापाची इज्जत टांगलेली असते ते मला माहीत आहे, मी दोन पोरींची लग्नं केलीत. फक्त एवढं करा की "व्हीआरएस आली" हे पाहुण्यांमधे कुणाला सांगू नका. बैठकीला बसायच्या आधी समोरच्याला कळलं की वधूपित्याला बावीस लाख आलेत, तर आठाचे बारा कसे होतात ते मी बघितलंय. तीन लाख बाजूला काढा, बाकी मुलगी कमावती असेल तर तिला पण विचारा की तुला हॉल पाहिजे का हातात पैसे. पोरी आजकाल उत्तर देतात.

आता माझी वाटणी ऐका, तुमच्या मिसेसना समोर बसवून. ४ लाख कर्ज. ३ लाख लग्न. १२ लाख त्या सीनियर सिटिझन योजनेत, त्याचे दर तीन महिन्याला २४ हजार ६०० येतात, म्हणजे महिना आठ हजार दोनशे. उरलेले तीन लाख आणि पंधरा हजार, ते बँकेत, आजारपणाला आणि पहिल्या काही महिन्यांना. देवदर्शन करा की, पंढरपूरला एसटीनं जा, त्याला लाख कशाला लागतात.

पीएफच्या ११ लाखाला हात लावू नका. काढला नाही तरी ५८ पर्यंत त्यावर व्याज चालू राहतं, आत्ता ८.२५ टक्के आहे, दर असाच राहिला तर ५८ ला तो चौदा लाखाच्या घरात जातो. नोकरी सुटल्यानंतरच्या व्याजावर टॅक्स लागतो तेवढं लक्षात ठेवा.

पीएफची पेन्शन, म्हणजे ईपीएस, तिच्याबद्दल लोकांचे दोन टोकाचे गैरसमज असतात. एक, भरपूर मिळेल. नाही मिळणार. तुमचा पगार ५२ हजार असला तरी पेन्शन १५ हजाराच्या मर्यादेवर मोजतात, आणि सप्टेंबर २०१४ च्या आधीची सर्व्हिस तर साडेसहा हजारावर. तुमच्या सर्व्हिसला ५८ ला चार-सव्वाचार हजाराच्या आसपास बसेल. दुसरा गैरसमज, लवकर घेतली तर नुकसानच. पन्नाशीनंतर कधीही घेता येते, ५८ ला जितकी वर्षं कमी तितके वर्षाला ४ टक्के कापतात. ५५ ला घेतलीत तर १२ टक्के कमी, सदतीसशेच्या आसपास. मी कागदावर मांडून बघितलं, तीन वर्षं आधी मिळालेले पैसे आणि पुढं दर महिन्याला कमी पडणारे पाचशे, यांची बरोबरी व्हायला तुम्ही ऐंशीच्या जवळ जाता. त्यामुळं घरात पैशाची ओढ असेल तर लवकर घेणं काही पाप नाही. फक्त तुमच्यामागं मिसेसना तुमच्या पेन्शनच्या निम्मी मिळते, ती पण मग त्याच प्रमाणात कमी, एवढा विचार करून ठरवा.

आता बेरीज. आठ हजार दोनशे आणि सदतीसशे, बाराला थोडे कमी. खर्च साडेएकोणीस. महिन्याला साडेसात हजाराचा खड्डा राहतो, आणि तो ५८ पर्यंत तुम्हाला कामानं भरायचाय. मिसेस शिलाई करतात म्हणालात, त्यांचे पैसे मी धरले नाहीत, मुद्दाम, ते त्यांचे राहू द्या.

साडेसात हजार मिळतील का? इथं तुम्ही टूल रूमवाले आहात याचा मला आनंद झाला. वाळूजला १९८५ मधे बजाजचा कारखाना सुरू झाला, मागोमाग सुटे भाग करणाऱ्या कंपन्या आल्या, आणि बीड, जालना, परभणी, पैठणकडची वीस-बावीसची पोरं इथं येऊन पर्मनंट झाली. ती सगळी भरती एकाच वयाची, त्यामुळं पन्नाशीला पण सगळी एकदमच पोचली. एका पर्मनंटच्या पगारात कंपनीला तीन-चार कंत्राटी पोरं येतात, एवढं साधं गणित आहे, तुमचं काम खराब झालं म्हणून कुणी फॉर्म देत नाही. पण असेंब्ली लाइनवरचा माणूस ५४ ला बाहेर पडला की त्याला बाहेर काय मिळतं, सिक्युरिटीची बारा तासांची ड्युटी, नाहीतर त्याच कंपनीत कंत्राटदाराच्या रजिस्टरवर. तो रिटायर झाला म्हणतात लोक, प्रत्यक्षात तो तेच काम कमी पैशात करत असतो. तुमचं तसं नाही. डाय कुठं घासतेय, पीसच्या कडेला धार म्हणजे बर का येतोय, ट्रायलला पंच का तुटतोय, हे हातानं कळायला वीस वर्षं जातात. चिकलठाण्याच्या इंडो-जर्मन टूल रूममधून पोरं शिकून येतात, ड्रॉइंग झकास काढतात, पण पहिली डाय प्रेसवर चढली आणि पीस फाटायला लागला की म्हातारा फिटर शोधतात. वाळूजच्या गल्ल्यांमधे दहा-पंधरा माणसांचे प्रेस शॉप भरपूर आहेत, त्यांना पूर्ण पगाराचा टूलमेकर परवडत नाही पण आठवड्यातून दोन दिवस येणारा परवडतो. अशा तीन वर्कशॉपवाल्यांशी आत्ता, म्हणजे फॉर्म भरायच्या आधी, चहा पिऊन या. "फेब्रुवारीनंतर बघू" म्हणाले तर ते नाही असं धरा. "कधीपासून येता, दिवसाचे किती घेणार" असं विचारलं तर ते हो.

गुडघ्यांचं म्हणाल तर आठवड्यातून दोन दिवस उभं राहणं आणि सहा दिवस उभं राहणं यात फरक आहेच, म्हणून मी व्हीआरएसला एकदम नाही म्हणत नाही.

शुगर. कंपनीचा मेडिक्लेम शेवटच्या दिवशी संपतो, आणि आधीपासूनच्या आजाराला नवी पॉलिसी तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकते. म्हणून नोकरीत असतानाच विचारा की तीच विमा कंपनी तुम्हा दोघांना ग्रुपमधून वैयक्तिक पॉलिसीत घेते का, तसं झालं तर आधीची वर्षं धरली जातात का. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, तेवढंच हलकं. फॉर्मवर शुगर लपवू नका, एजंट म्हणाला तरी. आणि महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखापर्यंतचे उपचार आहेत, रेशनकार्ड आणि आधारवरची नावं जुळतात का ते आजच बघून ठेवा, अटॅक आल्यावर घाटीच्या, म्हणजे सरकारी दवाखान्याच्या दारात उभं राहून नाव दुरुस्त होत नसतं.

नावावरून आठवलं, पीएफच्या खात्यातलं नाव, जन्मतारीख, लागल्याची तारीख, सगळं आधारशी जुळवा, मधल्या नावात एक वेलांटी इकडची तिकडं असली तरी क्लेम परत येतो. कंपनीत आहात तोवर एचआरची सही एका चहात मिळते, नंतर गेटवरचा वॉचमन आत सोडत नाही, मी टाइम ऑफिसला होतो तेव्हा जुन्या माणसांना गेटवर उभं केलेलं मी स्वतः बघितलंय, आणि लाज वाटते सांगायला, एकदोनदा मीच उभं केलंय.

कामगार पतसंस्थेचं कर्ज असेल तर ते फुल अँड फायनलमधून, म्हणजे शेवटच्या हिशोबातून कापतील, ते ठीक आहे. पण तुम्ही कुणाकुणाला जामीन आहात? २७ वर्षांत माणूस चार-पाच जणांना सही देऊन बसतो आणि विसरतो. पतसंस्थेत जाऊन यादी काढा. त्यातला एकजण थकला असेल तर तुमचे पैसे अडकवतात.

आणि ती चाकणची धमकी. तुमचं नेमणुकीचं पत्र काढा, १९९८ चं, पत्र्याच्या पेटीत असेल. त्यात कुठंही बदली होऊ शकते असं कलम आहे का ते वाचा. असेल तर धमकीत थोडा दम आहे, नसेल तर युनियनकडं जा आणि तिथंही कुणी ऐकत नसेल तर कामगार उपायुक्तांचं ऑफिस आपल्या शहरातच आहे. तोंडी बोललेलं लेखी द्या म्हणा, तुम्ही बघा निम्मे एचआरवाले तिथंच गप्प होतात. फॉर्मवर "वैयक्तिक कारणामुळे राजीनामा देत आहे" असलं काही छापलेलं असेल तर सही करू नका, व्हीआरएस स्कीमखाली सेवानिवृत्ती असं स्पष्ट पाहिजे, नाहीतर त्या ५ लाखाच्या माफीला उद्या अडचण येते. भरलेला फॉर्म कंपनीनं मंजूर करायच्या आधी मागं घेता येतो का, ते पण स्कीमच्या कागदात शोधा. तो कागद मागा, नोटीस बोर्डावरचा सारांश नको.

तर माझं मत विचाराल तर असं. एप्रिलची तारीख मिळत असेल, एखादा वर्कशॉपवाला हो म्हणत असेल, आणि ती बावीस लाखाची वाटणी तुम्ही फाडून टाकणार असाल, तर घ्या. तिन्हीपैकी वाटणी फाडणं जमणार नसेल, पोरगं आणि पाहुणे ऐकणारच नसतील, तर उरलेल्या दोन गोष्टी मिळाल्या तरी घेऊ नका, गुडघ्याला पट्टा बांधून ४० महिने काढा, पगार महिन्याच्या महिन्याला येतो तोवर कुणी तुमच्याकडं सहा लाख मागत नाही. आणि फेब्रुवारीच पाहिजे म्हणाले तर किमान तो टॅक्सचा दीड लाख रकमेत वाढवून मागा. मिळाला नाही तर माझा कौल नको कडे आहे. ११ जणांनी भरला हे कारण धरू नका, त्या अकरातल्या किती जणांचं घर फिटलंय आणि किती जणांना शुगर आहे तुम्हाला माहीत नाही.

सेकंड शिफ्ट असेल तर उद्या सकाळीच एचआरला जा, तारखेचा अर्ज आणि ग्रॅच्युइटीची २८ वर्षं, दोन्ही एकाच कागदावर, पोच घेऊन. आणि ते वाटणीचं पान परत एकदा लिहून मला पाठवा, या वेळी पहिली ओळ मिसेसना लिहू द्या. त्या किराण्यापासून सुरू करतील.